अवजाराचा कागद

नंदुरबार जिल्ह्याच्या इतिहासात २९ सप्टेंबर २०१० हा दिवस नोंदून ठेवण्यासारखा आहे. त्या दिवशी शहादे तालुक्यातील टेंभली या आदिवासी गावी, तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत, देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. त्या समारंभाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. ते आम्ही पुन्हा करीत नाही. त्या क्रमांकामागे जे यंत्र उभे राहिले, त्याला प्रश्न कसा विचारावा आणि त्याच्या उत्तराचा अर्थ काय घ्यावा, हे सांगणारे काही कागद असतात. आज त्या कागदांविषयी बोलावयाचे आहे. विषय रूक्ष वाटेल. परंतु कोणाच्या तरी घरचे धान्य त्यावर अवलंबून असते, हे ध्यानात ठेवावे.

अवजार घडविणे निराळे आणि ते अनोळखी माणसाच्या हाती देणे निराळे. विळ्याला कागद लागत नाही. बाप मुलाला तो धरावयास शिकवितो. संगणकाच्या अवजाराचे तसे नाही. ते आतून दिसत नाही. केंब्रिज येथे १९४९ साली एड्सॅक हा संगणक चालू झाला, तेव्हा पुन्हापुन्हा लागणाऱ्या गणितांच्या तयार आज्ञावली तेथे संग्रह करून ठेवीत. तेथील डेव्हिड व्हीलर यांनी १९५२ साली सांगून ठेवले, की आज्ञावली लिहून व तपासून झाली तरी काम संपत नाही. आतील रचना ज्याला ठाऊक नाही त्यालाही ती वापरता यावी असे तिचे वर्णन लिहावे लागते, आणि कदाचित हेच काम सर्वांत कठीण असते. पुढे १९७१ साली युनिक्स या प्रणालीची पहिली पुस्तिका निघाली. तीत अवजाराचे नाव, ते चालविण्याची रीत आणि त्याचे काम एवढ्यावर न थांबता त्यातील दोषांसाठीही निराळी जागा राखून ठेवली होती. करणाऱ्यानेच आपल्या अवजाराचे दोष लिहून द्यावेत, हा प्रामाणिकपणा त्या वहिवाटीत होता.

आपल्याकडे ही दृष्टी परकी नाही. मराठेशाहीतील राजपत्राच्या माथ्यावर शिक्का असे आणि अखेरीस मोर्तब. त्या लहान मुद्रेवर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे असत. हुकूम येथवर आहे, पुढे नाही, हे ती सांगे. तिच्याखाली कोणी ओळ घुसडली तर ती राजाची नव्हे, हे कारकुनाला तत्काळ कळे. कागदाने काय सांगावे याइतकेच तो कोठे संपतो, यालाही महत्त्व होते.

आजवर हे कागद माणूस वाचीत असे. कागदात उणीव राहिली तर तो शेजाऱ्याला विचारी, शंका आली तर हात आखडता घेई. आता वाचक बदलला आहे. एआय एजंट म्हणजे सोपविलेल्या कामाच्या पायऱ्या स्वतः ठरवून, इतर अवजारे चालवून ते पार पाडणारा संगणकातील कारभारी. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची रीत प्रसिद्ध केली. तीत प्रत्येक अवजार आपले नाव, आपले वर्णन आणि आपल्याला कोणती माहिती कोणत्या रूपात हवी, हे या कारभाऱ्यापुढे मांडते. तेवढ्या वर्णनावरून कोणते अवजार उचलावयाचे हे तो ठरवितो. वर्णनात पोकळी असेल तर तो पुष्कळदा थांबत नाही. अंदाजाने ती भरून काढतो आणि निःशंकपणे पुढे जातो.

याचा परिणाम काय होऊ शकतो, हे पाहण्यासाठी पुन्हा टेंभलीच्या परिसरात येऊ. आधारची ओळख पडताळणारे यंत्र मूळ उत्तर दोनच प्रकारचे देते: होय किंवा नाही. ‘नाही’बरोबर कारणाचा अंक येतो. ३०० म्हणजे बोटाचा ठसा किंवा तत्सम शारीरिक खूण जुळली नाही. १०० म्हणजे नावासारखा तपशील जुळला नाही. ३३० म्हणजे धारकानेच आपल्या खुणांना कुलूप लावले आहे. शेतमजुरीने बोटांच्या रेषा झिजतात. वळवी, वसावे या आडनावांतील ‘व’ रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहितात. म्हणजे माणूस खरा असून उत्तर ‘नाही’ येऊ शकते. गावचा रेशन दुकानदार त्या बाईला ओळखत असतो. उद्या तो हिशेब एखाद्या एजंटाच्या हाती गेला आणि त्याच्या कागदात ‘हे अवजार ओळख पडताळते’ एवढेच लिहिलेले असले, तर ‘नाही’ म्हणजे ‘ही बाई ती नव्हे’ असा अर्थ तो लावील आणि नाव यादीतून काढील. त्याच कागदात आणखी दोन वाक्ये हवीत: ‘ठसा न जुळणे म्हणजे माणूस खोटा असणे नव्हे. अशा वेळी दुसऱ्या मार्गाने खात्री करावी; नाव कमी करू नये.’ पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाचा लाभ नाकारला जाणार नाही, अशी ग्वाही सरकारने सर्वोच्च न्यायालयात दिली होती. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात तिची नोंद आहे. परंतु एजंट निकालपत्र शोधून वाचावयास जाईलच असे नाही. त्याच्यापुढे असतो तो अवजाराचा कागद.

तेव्हा कागद लांबवावा, असे आमचे म्हणणे नाही. लांबण लावली तर कामाचे वाक्य हरवते. अवजार काय करते, काय करीत नाही, त्याच्या नकाराचा अर्थ काय, नकारानंतर काय करावे आणि कोठे थांबून माणसाला विचारावे, एवढे स्वच्छ लिहावे. अवजार बदलले की कागदही त्याच दिवशी बदलावा. कारण शिळा कागद माणसाला संशयित करतो, पण एजंट तो शब्दशः पाळण्याचा संभव असतो. आणि लिहिणाराने तो स्वतः वाचून समाधान मानू नये. एजंटाच्या हाती देऊन तो कोठे चुकतो ते पाहावे, आणि चूक दिसेल तेथे वाक्य दुरुस्त करावे.

जुन्या कारकुनाने मर्यादेची मुद्रा उठविल्याशिवाय पत्र बाहेर जाऊ दिले नाही. टेंभलीच्या माणसाला क्रमांक मिळाला तो त्याची ओळख पटावी म्हणून. एका न लिहिलेल्या वाक्यामुळे ती ओळख पुसली जाऊ नये, ही जबाबदारी अवजार घडविणाराचीच आहे.