क्लाराबाई शूमान : कलेवर तोललेला संसार

भगिनींनो, गाणे-वाजविणे हा बायकांचा विरंगुळा, तो काही पोटापाण्याचा उद्योग नव्हे, असे पुष्कळजण मानीत आले आहेत. मंडळाच्या संगीतवर्गात मुलींना पेटी शिकविताना हे बोल माझ्याही कानी आले. अशा वेळी मी जर्मनीतील पियानोवादिका क्लारा शूमान यांचे चरित्र सांगते.

क्लाराबाईंचा जन्म १३ सप्टेंबर १८१९ रोजी लाइपझिग शहरी झाला. वडील फ्रीडरिख वीक हे पियानोचे कडक शिक्षक. त्यांच्या तालमीत तयार होऊन या मुलीने १८२८ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तेथील गेवांडहाउस सभागृहात प्रथम वादन केले. १८३८ साली व्हिएन्नाच्या दरबाराने तिचा बहुमान केला. संगीतकार रॉबर्ट शूमान यांच्याशी विवाह करण्यास वडिलांचा कडवा विरोध होता. प्रकरण कोर्टात गेले आणि १८४० साली लग्न झाले.

आठ अपत्ये झाली, त्यांतले एक तान्हेपणीच गेले. पती रचना करीत बसले की त्यांना व्यत्यय नको म्हणून बाईंचा रियाज बंद राही. खरी कसोटी लागली ती १८५४ साली. मनोविकाराने ग्रासलेल्या पतीला एंडेनिख येथील रुग्णालयात ठेवावे लागले. पदरी सहा मुले आणि सातवे पोटात! संगीतकार मित्रांनी मदतीसाठी मैफल करण्याची तयारी दाखविली. बाईंनी नम्रपणे नकार दिला आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांतच त्या स्वतःच दौऱ्यावर निघाल्या. १८५६ साली पती निवर्तले. पुढे कित्येक वर्षे गावोगावच्या मैफलींवरच घर चालले.

याची किंमतही मोठी होती. मुलांना आप्तांकडे व वसतिशाळांत ठेवावे लागले आणि बाईंची स्वतःची संगीतरचना जवळजवळ थांबली. हे झाकून केवळ गोडवे गाणे मला बरे वाटत नाही.

१८७८ साली फ्रांकफुर्टच्या हॉख संगीत विद्यालयाने त्यांना शिक्षिका म्हणून बोलाविले. त्यांनी आपल्या अटी घातल्या : शिकवणी घरीच, रोज दीड तास, वर्षाकाठी चार महिने सुट्टी, हिवाळ्यात छोट्या दौऱ्यांची मोकळीक, हाताखाली दोन साहाय्यक. विद्यालयाने त्या मान्य केल्या. मारी व यूजेनी या मुलीच त्यांच्या साहाय्यक झाल्या. देशोदेशींचे विद्यार्थी येत. इंग्लंडच्या फॅनी डेव्हिस त्यांपैकीच एक. १८९१ साली बाईंची शेवटची जाहीर मैफल झाली, १८९२ साली त्यांनी अध्यापन सोडले आणि २० मे १८९६ रोजी त्या निवर्तल्या.

पुढे १९९० साली निघालेल्या जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर त्यांचे चित्र आले आणि युरोचे चलन येईपर्यंत ते लोकांच्या हाती खेळत राहिले. स्वकष्टाच्या पैशावर घर उभे ठेवणाऱ्या बाईचा याहून समर्पक गौरव कोणता? तेव्हा भगिनींनो, लेकीने रियाजाला बसण्यासाठी तासभर मागितला, तर त्या तासात तिला दुसरे काम सांगू नका, एवढेच माझे मागणे आहे.