तिपेडी धागा

सर्जिकल सामानाच्या दुकानात मी बरीच वर्षं काउंटरवर होतो. एकदा एका वृद्ध गृहस्थांनी टाक्यांच्या दोऱ्याचं पाकीट उलटसुलट करत विचारलं, "कॅटगट म्हणजे मांजराचं आतडं का हो?" मी "नाही" म्हणालो. ते खरंच होतं. पण तो मेंढीच्या किंवा गुरांच्या आतड्याचा असतो, हे मी सांगितलं नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ होती. त्या अर्धवट उत्तराच्या टोचणीनेच मी या विषयात शिरलो.

प्राण्याच्या धाग्याने माणूस शिवणं नवं नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात ताग, झाडाची साल, केस यांच्याबरोबर 'स्नायु'ही येतो. हा स्नायु म्हणजे आजचा मांसल स्नायू नव्हे, कंडरेसारखा चिवट तंतू, म्हणजेच कोलॅजन. कॅटगटची ताकदही त्याच प्रथिनाची.

त्याची रचना उलगडली ती मद्रासमध्ये. १९५२ साली तिशीतले गो. ना. रामचंद्रन तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्रमुख झाले. भेटीला आलेल्या जे. डी. बर्नाल यांनी कोलॅजनचं कोडं सुटलेलं नसल्याचं सांगितलं. शेजारच्या चर्मसंशोधन संस्थेतून कांगारूच्या शेपटीची कंडरा मिळाली. गोपीनाथ कर्था यांच्यासह त्यांनी क्ष-किरणचित्रं घेतली आणि ऑगस्ट १९५४च्या 'नेचर'मध्ये तीन साखळ्यांची रचना मांडली; पुढच्या वर्षी तिला पीळ दिला. आपली तिपेडी वेणीच म्हणा ना! पेड इतके घट्ट की मधल्या जागेत फक्त सर्वांत लहान अमिनो आम्ल, ग्लायसीन, मावतं. म्हणूनच ते दर तिसऱ्या जागी असतं. हायड्रोजन बंध दोन की एक, यावर रिच आणि क्रिक यांनी दुरुस्ती सुचवली आणि पुढे एकाच्याच बाजूने कौल गेला. पण वेणी मूळची मद्रासची. आपल्याकडे रामचंद्रन यांचं नाव घेतलंच तर ते १९६३च्या आलेखासाठी. या कामाचा उल्लेख फार थोडे करतात.

'कृत्रिम कोलॅजन' या शब्दाशी मात्र माझं भांडण आहे. १९६०च्या दशकात गुरांच्या कंडरा बारीक करून, सौम्य आम्लात फुगवून, तो लगदा बारीक छिद्रांतून दाबून धागे काढले गेले. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेत ते वापरलेही गेले. त्यात माणसाने घडवला तो धाग्याचा आकार, रेणू गुराचाच.

खरा कृत्रिम रेणू म्हणजे अमिनो आम्लं एकेक जोडत बांधलेला. त्याच दशकाच्या अखेरीस जपानमध्ये साकाकिबारा यांनी प्रोलीन-प्रोलीन-ग्लायसीन हा क्रम दहादा जोडला आणि त्या तुकड्यांची वेणी पडली. पण तुकडा ३० अमिनो आम्लांचा, निसर्गातली साखळी सुमारे हजाराची. आखूड वेण्या एकमेकींत अडकून लांब तंतू व्हायला हवा होता. २०११ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात हार्टगेरिंक यांच्या गटाने ३६ आम्लांचा तुकडा असा रचला की तिन्ही पेड एकमेकांपासून थोडे सरकून बसले. सुटी टोकं पुढच्या वेणीत गुंतली, तंतू झाले आणि तंतूंचं जेल. धन आणि ऋण भार समोरासमोर आणून त्यांनी ही जुळणी साधली. टाके घालायचा दोरा मात्र अजून त्यातून निघालेला नाही.

दरम्यान १९७०च्या आसपास पॉलिग्लायकोलिक आम्लाचा विरघळणारा दोरा बाजारात आला. त्यात कोलॅजन नाही, प्राणीही नाही. तोही आमच्या दुकानात होता, कॅटगटच्या वरच्याच कप्प्यात; जरा महाग. त्या गृहस्थांना मी तो दाखवलाच नव्हता.