जबर दुखापतीच्या रकान्यात हरवलेला डोळा

बंगळुरूत कृष्णराजेंद्र मार्केटजवळ मिंटो नेत्र रुग्णालयाची जुनी इमारत आहे. संस्था १८९६ सालची, इमारत १९१३ची. व्हाइसरॉय मिंटो यांचे नाव तिला मिळाले तेव्हा शहरातील मोटारी मोजक्याच होत्या.

कायद्याने मात्र डोळ्याची दखल त्याही आधी घेतली होती. १८६०च्या भारतीय दंडसंहितेत 'जबर दुखापती'चे आठ प्रकार दिले होते. त्यांतील दुसराच म्हणजे कोणत्याही एका डोळ्याची दृष्टी कायमची जाणे. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हा क्रम बदललेला नाही. १९२३च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने तर टक्केच ठरवले: एक डोळा गेल्यास कमाईच्या क्षमतेची हानी ४० टक्के, बुबुळ विद्रूप न होता नुसती दृष्टी गेल्यास ३०. हा दहा टक्क्यांचा फरक चालकाच्या दृष्टीने निरर्थकच म्हणायचा. टक्केवारीपेक्षा प्रत्यक्ष उपजीविकेवर झालेला परिणाम पाहावा, हे सर्वोच्च न्यायालयाने मोटार अपघातांच्या दाव्यांबाबत २०१० साली राजकुमार खटल्यात स्पष्ट केले.

भरपाईच्या मानाने प्रतिबंधाचा विचार उशिरा आला. मोटारीच्या अपघातात डोळ्याचा मोठा शत्रू म्हणजे समोरची काच. दोन काचांमध्ये पातळ पडदा असलेली लॅमिनेटेड काच तडकली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांत १९९३ साली दुरुस्ती होऊन, तीन वर्षांच्या मुदतीनंतर तयार होणाऱ्या मोटारींना अशी काच सक्तीची झाली. ब्रिटनमध्ये १९८३ साली पुढच्या आसनांवर पट्टा सक्तीचा झाला, आणि काचेने डोळा फाटलेले रुग्ण घटल्याचे तेथील नेत्रतज्ज्ञांनी नोंदवले. खरे तर तो कायदा डोळ्यासाठी केलेला नव्हता!

बंगळुरू मात्र दुचाकींचे शहर. कर्नाटकात मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सक्तीचे झाले ते जानेवारी २०१६ मध्ये. (पुण्यातील हेल्मेटविरोधाच्या कथा येथील मराठी मंडळींना सांगाव्या लागत नाहीत.) सक्ती आली तशी टोपीसारखी अर्धी हेल्मेटेही आली. दंड टळला, पण चेहरा आणि डोळे उघडेच राहिले.

रस्ता सुरक्षा समितीच्या बैठकांत मी वर्षानुवर्षे मृत, गंभीर जखमी आणि किरकोळ जखमी असे तीन आकडे वाचले. 'गंभीर'मध्ये मोडलेला पाय आणि गेलेला डोळा एकाच रकान्यात बसतात. त्यांतले डोळे किती, हे मी एकदाही विचारले नाही.