सात हजार सातशेचा हिशेब

वजन कमी करायचं मनावर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागे मी एक गणित लिहून ठेवलं होतं. एक किलो चरबी म्हणजे ७७०० कॅलरी. रोज ५५० कमी खाल्ल्या की चौदा दिवसांत एक किलो, वर्षात सव्वीस! सुरुवातीला काट्याने ऐकलं. मग हळूहळू रेंगाळायला लागला आणि सहाव्या महिन्यात अडूनच बसला. जिमच्या मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी रात्री उठून श्रीखंड खातोय. खरं सांगतो, खात नव्हतो.

चिडून हा आकडा आला कुठून ते शोधत बसलो. १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की नावाच्या अमेरिकन डॉक्टरने एका पौंडाला ३५०० कॅलरी असा हिशेब मांडला. किलोत तेच ७७००. चरबीपुरता आकडा ठीक आहे. पण तो महिनोन् महिने सरळ रेषेत ताणता येत नाही, आणि गंमत म्हणजे हे दाखवणारा प्रयोग त्याच्या तेरा वर्षं आधीच होऊन गेला होता.

नोव्हेंबर १९४४. युद्धाने युरोपातली माणसं उपाशी होती, त्यांना पुन्हा माणसात आणायचं कसं हे समजून घ्यायचं होतं. मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ तरुण निवडले. सगळे शस्त्र धरायला नकार दिलेले, या कामाला आपणहून आलेले. मुक्काम फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत. आधी १२ आठवडे रोज सुमारे ३२०० कॅलरी, नंतर २४ आठवडे साधारण १५७०. बटाटे, सलगम, पाव, मॅकरोनी. वर आठवड्याला २२ मैल चालायचं.

आता माझं कॅलेंडरचं गणित लावा. रोजची तूट १६३०, दिवस १६८. वजन साडेपस्तीस किलोने उतरायला हवं. उतरलं सुमारे सतरा! ६९ वरून ५२-५३. शेवटी शेवटी तर काटा जवळजवळ हललाच नाही. चोरून खाल्लं असेल म्हणाल, तर काहींनी खाल्लंही. पण मग जोडीदाराशिवाय बाहेर पडायला बंदी आली आणि चार जणांची आकडेवारी वगळली गेली.

मग उरलेल्या कॅलरी गेल्या कुठे? कुठेच नाही, खर्चच आटला. शरीर लहान झालं, त्याला चालवायला कमी लागू लागलं. शिवाय त्याने स्वतःही हात आखडता घेतला. नाडी ५५ वरून ३५ वर आली, भर जुलैत थंडी वाजू लागली, स्वस्थ पडल्यावर होणारा खर्च ४० टक्क्यांनी घटला. पोरं ताटल्या चाटत होती, पाककृतींची पुस्तकं वाचत बसत होती. हे वाचताना मात्र मला माझ्या श्रीखंडाच्या तक्रारीची लाज वाटली. असो.

२०११ साली केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी हा आटता खर्च धरून नवा ठोकताळा दिला: रोज कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या तर शेवटी एक किलो, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, बाकीचं आणखी दोनेक वर्षांत. म्हणजे माझ्या ५५० चे पहिल्या वर्षी अकरा-साडेअकरा. सव्वीस नव्हेत.

पण त्यांच्याच हिशेबाने सहाव्या महिन्यात काटा अडायचं कारण नव्हतं. हा आटता खर्च इतक्या लवकर वजन थांबवत नाही, तिथे बहुधा खाणंच सैल झालेलं असतं. मग बायकोने आठवण करून दिली. चहाबरोबरचे शेंगदाणे. रोज एक मूठ, म्हणजे १७० च्या आसपास. ते मी कधी मोजलेच नव्हते.