एका देठावरचीं दोन अन्नें : काजूची बी आणि बोंडू

शहरांतील घरांना काजूची ओळख असते ती बहुधा शिऱ्यांत वा पुलावांत पडणाऱ्या पांढऱ्या गरापुरती. हा गर ज्या बींतून निघतो, ती बी ज्याच्या टोंकाला लोंबत असते, तो पिवळा अथवा तांबडा रसाळ बोंडू पुष्कळांनीं पाहिलेलाहि नसतो. एकाच झाडानें एकाच देठावर दिलेलीं हीं दोन अन्नें. त्यांपैकीं एकानें जगाची बाजारपेठ मिळविली आणि दुसरें झाडाखालींच राहिलें. असें कां झालें, आणि जें मागें राहिलें तें खरोखरच कमी प्रतीचें होतें काय, याचा आज आपण विचार करूं.

शास्त्राच्या दृष्टीनें बी हेंच काजूचें खरें फळ, आणि बोंडू म्हणजे फुगलेला देठ. तथापि खाणाराला या भेदाशीं कर्तव्य नाहीं. आपण व्यवहारांतील भाषेप्रमाणें बोंडूला फळच म्हणूं.

काजूचें मूळ घर ब्राझिल. तेथील तुपी लोकांच्या ‘अकाजू’ या शब्दावरून पोर्तुगीजांनीं ‘काजू’ हें नांव उचललें. त्या देशांत मोठा मान होता तो बोंडूला. आंद्रे थेव्हे या फ्रेंच प्रवाशानें १५५७-५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत या झाडाचें चित्र आहे. त्यांत माणसें फळें तोडीत आहेत व तीं पिळून रस मोठ्या भांड्यांत सांठवीत आहेत. हा रस आंबवून मद्यहि करीत. बी टाकून देत असें मात्र नाहीं. ती विस्तवांत भाजून खात. दोन्ही अन्नांचा उपयोग त्यांना ठाऊक होता.

पोर्तुगीजांनीं हें झाड हिंदुस्थानांत आणिलें. गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी वनस्पतींवरील प्रसिद्ध ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत काजूचा उल्लेख नाहीं. १५७८ सालीं क्रिस्तोव्हाल अकोस्ता यानें मात्र कोचीनच्या बागेंत पाहिलेल्या काजूचें वर्णन दिलें आहे. तेव्हां सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हें झाड आपल्या पश्चिम किनाऱ्यावर रुजूं लागलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

येथें इतिहासाचा एक विलक्षण योग दिसतो. ज्या दर्यावर्दी लोकांनीं हें झाड समुद्रापार नेलें, त्यांचा सर्वांत मोठा शत्रु वादळ नव्हता, स्कर्व्ही हा रोग होता. हिरड्या सुजत, दांत हालत, जुन्या जखमा पुन्हां उघडत आणि माणसें मरत. वास्को द गामाच्या १४९७ ते १४९९ या पहिल्या सफरींत निम्म्याहून अधिक माणसें दगावलीं, आणि त्यांतील पुष्कळ या रोगानें. जेम्स लिंड यानें १७४७ सालीं नारिंगें व लिंबें देऊन खलाशी बरे केले. पण रोगाचें मूळ जें ‘क’ जीवनसत्त्वाची उणीव, तें विसाव्या शतकांतच उमगलें. बोंडूंत हेंच जीवनसत्त्व विपुल असतें. बींत तें जवळजवळ नाहींच. परंतु बी टणक कवचांत महिनोन्‌महिने टिकते, आणि बोंडू पडल्यापासून एक-दोन दिवसांत नासतो. म्हणून जहाजावर चढण्याजोगी बीच होती. खलाशाला जें हवें होतें तें किनाऱ्यावर राहिलें.

आतां आंकडे पाहूं. शंभर ग्रॅम गरांत सुमारें ५५० ते ६०० उष्मांक, २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनें आणि ४५ ग्रॅमच्या आसपास स्निग्ध पदार्थ असतात. तितक्याच बोंडूंत शेंकडा ८६ भाग पाणी, सुमारें ५० उष्मांक, नांवापुरतीं प्रथिनें. परंतु ‘क’ जीवनसत्त्व सुमारें १८० मिलिग्रॅम, म्हणजे नारिंगाच्या तिपटीहून अधिक. ही तुलना वजनास वजन लावून झाली. झाड मात्र असें तोलून देत नाहीं. साठ ग्रॅमचा एक बोंडू घेतला, तर त्याच्या बींतून निघणारा गर जेमतेम दोन ग्रॅम भरतो. त्या गरांतून दहा-बारा उष्मांक मिळतात, बोंडूंतून तीस! प्रथिनें गरांत अधिक खरीं. पण एका बोंडूंतील शंभरावर मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्वानें प्रौढ माणसाची दिवसाची गरज भागून वर उरतें.

मग बाजारानें गरच कां निवडला? कारण बाजार अन्नाची किंमत पोषणावर ठरवीत नाहीं. जें टिकतें, जें दूर जातें, त्यालाच तो भाव देतो. १९२० नंतरच्या दशकांत कोल्लमच्या कारखान्यांतून गर अमेरिकेकडे जाऊं लागला. कवचांतील दाहक तेलानें हात भाजून घेत बिया फोडण्याचें काम बव्हंशीं स्त्रियांनीं केलें. आपल्या कोंकणांत वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रानें पुढें सुधारलेल्या जाती दिल्या; त्यांची निवडहि मुख्यत्वें बीचा आकार व गराचें प्रमाण पाहूनच झाली. गोव्यानें बोंडू अगदींच टाकला नाहीं. त्याच्या रसाची हुर्राक व फेणी तेथें होते. परंतु जीवनसत्त्व ऊर्ध्वपातनांत वाफेबरोबर वर येत नाहीं, तें भट्टींतच राहतें. सारांश, तेथेंहि टिकाऊ तेंच बाटलींत गेलें.

उन्हाळ्यांत कोंकणांत बी पिरगळून काढतात आणि बोंडूंचे ढीग झाडाखालीं कुजत राहतात. त्यांत तुरटपणा आहे, घशाला खवखव होते, हें खरें. पण मीठ लावून खाण्याची रीत मुलांनाहि ठाऊक असते, आणि रस उकडून, गाळून, साखर घालून सरबत करितां येतें. उष्णतेनें जीवनसत्त्व कांहीं अंशीं घटतें, तरी पुष्कळ शिल्लक राहतें.

गराची थोरवी कमी करण्याचा माझा हेतु नाहीं. तें उत्तम अन्न आहे, आणि शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो तो त्यामुळेंच. परंतु बी विकून आलेल्या पैशांतून त्याच शेतकऱ्यानें आजारी मुलाकरितां बाजारांतून नारिंगें आणावीं, आणि त्याच्याच अंगणांत बोंडू कुजावे, हें कांहीं शहाणपणाचें नव्हे. येत्या उन्हाळ्यांत आपणांपैकीं कोणी कोंकणांत गेलें, तर परततांना गराची पुडी अवश्य आणावी. पण तेथें असेपर्यंत झाडाखालचा ताजा बोंडू मीठ लावून खाण्यास विसरूं नये.