तारेमागची सनद

मुलाच्या दातांना तार लावावयाची ठरली म्हणजे घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा मुदतीचा. ती तार कोणाच्या हातून लावून घ्यावी, हा प्रश्न मात्र बहुधा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या शिफारशीवर सोपवला जातो. वास्तविक या तिसऱ्या प्रश्नामागेच मोठा इतिहास आहे.

दुधाचा दात पडण्यापूर्वी कायमचा दात उगवला तर दुधाचा काढून नव्याला रोज बोटाने दाबीत जागेवर आणावे, असे रोमन ग्रंथकार सेल्सस याने पहिल्या शतकातच लिहून ठेवले. पॅरिसच्या पिएर फोशार याने 1728 च्या आपल्या ग्रंथात धातूची पट्टी दातांना दोऱ्याने बांधण्याची रीत वर्णिली. तथापि हे काम स्वतंत्र विद्येचे आहे, हा आग्रह अमेरिकेतील एडवर्ड अँगल याचा. वरच्या व खालच्या पहिल्या कायम दाढांचा मेळ कसा बसतो, एवढ्या एका लक्षणावरून त्याने 1899 मध्ये वेड्यावाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले आणि पुढल्याच वर्षी सेंट लुईस येथे या शाखेची शाळा काढली.

निसर्गाने दिलेला एकही दात काढू नये, हे अँगलचे व्रत होते. कॅल्व्हिन केस याने 1911 च्या सुमारास त्याला जाहीर विरोध केला. परंतु गुरूचा दरारा असा की पक्ष बदलण्यास अँगलचाच शिष्य चार्ल्स ट्वीड यावा लागला. एकही दात न काढता सरळ केलेले दात पुन्हा हलतात, चेहराही पुढे आलेला दिसतो, हे आपल्याच रुग्णांत पाहून त्याने उपदाढा काढून त्यांचे उपचार पुन्हा केले आणि ते सर्वांसमोर मांडले. स्वतःची चूक अशी उघड्यावर आणण्यास जे धैर्य लागते, ते मला या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोलाचे वाटते.

आपल्याकडे डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी 1920 मध्ये कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले आणि मुंबईत नायर रुग्णालयाचे 1933 मध्ये निघाले. 1948 च्या कायद्याने दंतवैद्यांची नोंदवही सुरू झाली, तर 1965 मध्ये या शाखेच्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. बी. डी. एस. नंतर तीन वर्षे केवळ याच विषयाचा अभ्यास केल्यावर एम. डी. एस. ही पदवी मिळते.

तेव्हा पालकांनी ही पदवी आणि राज्य दंतपरिषदेकडील नोंद निःसंकोच विचारावी, दर महिन्याला तार कोण आवळणार हेही विचारावे, आणि तार निघाल्यावर दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर किती काळ वापरावयाचा याची आधीच चौकशी करावी. दातांचे साचे, छायाचित्रे व क्ष-किरणचित्रे पाहिल्यावाचून जो दात काढण्याचा अथवा न काढण्याचा कौल देतो, त्याच्या हाती आपले मूल देऊ नये.