ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर : पेशीची वाढ, मृत्यू आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणजे पेशीतली अशी प्रथिने, जी कोणते जनुक केव्हा चालू करायचे आणि केव्हा बंद ठेवायचे हे ठरवतात. मराठीत त्यांना ‘प्रतिलेखन घटक’ म्हणतात. माणसाच्या पेशीत प्रथिनांची कृती सांगणारी सुमारे २०,००० जनुके असतात आणि त्यांचे नियंत्रण करणारे सुमारे १,६०० ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर असतात. पेशीने वाढायचे, थांबायचे की मरायचे, हे निर्णय त्यांच्यामार्फत अमलात येतात. हे नियंत्रण सुटले की कर्करोगाची वाट मोकळी होते.

मराठवाड्यातील स्त्रियांमध्ये आढळणारा गर्भाशयमुखाचा कर्करोग हे याचे स्पष्ट उदाहरण आहे. तो वेळेत ओळखण्याबाबतचा एक महत्त्वाचा पुरावाही मराठवाड्यातूनच मिळाला आहे.

वाढीचा आणि मृत्यूचा निर्णय

पेशीला विभाजनासाठी लागणारी जनुके चालू करण्याचे काम ई२एफ नावाचे ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर करतात. एरवी आरबी हे प्रथिन त्यांना धरून ठेवते. शरीराला नव्या पेशी हव्या असतील तेव्हा बाहेरून संदेश येतो, आरबीची पकड सैल होते, ई२एफ मोकळा होतो आणि विभाजन सुरू होते.

पी५३ हा दुसरा ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. त्याचा शोध १९७९ मध्ये लागला. डीएनएला इजा झाली किंवा विभाजन भलत्या वेळी सुरू झाले, की पेशीतले पी५३ वाढते. ते आधी विभाजन थांबवणारी जनुके चालू करते. बिघाड दुरुस्त होण्याजोगा नसेल, तर पेशीला स्वतःहून मरायला लावणारी जनुके चालू करते. या नियोजित मृत्यूला अपोप्टोसिस म्हणतात. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांमध्ये पी५३चे जनुकच बिघडलेले आढळते.

विषाणू काय करतो?

गर्भाशयमुखाच्या जवळजवळ सर्व कर्करोगांमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. त्याच्या अनेक प्रकारांपैकी १६ आणि १८ हे दोन प्रकार मिळून सुमारे ७० टक्के कर्करोगांना कारणीभूत ठरतात. हा संबंध उलगडणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सुर हाउसेन यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणूला स्वतःच्या प्रती काढण्यासाठी विभाजन करणारी पेशी लागते. म्हणून त्याचे ई७ हे प्रथिन आरबीला अडकवते आणि ई२एफ मोकळा सुटतो. पण असे अवेळी विभाजन सुरू झाले, की पी५३ जागे होऊन पेशीला मारू शकते. त्यावर विषाणूकडे ई६ हे दुसरे प्रथिन आहे. ते पी५३ला पेशीच्याच प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेकडे पाठवते. या कर्करोगात पी५३चे जनुक बहुधा शाबूत असते. त्यापासून बनलेले प्रथिन मात्र टिकू दिले जात नाही.

बहुतेक स्त्रियांमध्ये हा संसर्ग एक-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींमध्ये तो टिकून राहतो आणि कधी कधी विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएमध्ये जोडला जातो. त्या वेळी विषाणूचे ई२ हे जनुक अनेकदा तुटते. ई२ हाही ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरच आहे आणि तो ई६ व ई७ यांना मर्यादेत ठेवतो. तो गेला की ही दोन्ही प्रथिने भरमसाट तयार होतात. संसर्ग झाल्यापासून कर्करोग होईपर्यंत सहसा दहा ते वीस वर्षे जातात. तपासणीसाठी हाच काळ हाती असतो.

धाराशिव जिल्ह्यातला पुरावा

तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ मध्ये एक मोठे संशोधन सुरू झाले. त्यात मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सहभागी होत्या. गावांचे ५२ समूह आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया यांचे चार गट करण्यात आले. एका गटाची एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, दुसऱ्याची पॅप तपासणी, तिसऱ्याची व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरे डाग पाहण्याची तपासणी. चौथ्या गटाला नेहमीची आरोग्यसेवा होती.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले, तर चौथ्या गटात ६४. दोन्ही गटांत ३१ ते ३४ हजार स्त्रिया होत्या. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये ठळक घट दिसली नाही. चौथ्या गटाची तपासणी न केल्याबद्दल या संशोधनावर पुढे नैतिक आक्षेपही घेतले गेले.

हा फरक समजण्यासाठी वरची यंत्रणा उपयोगी पडते. पॅप आणि व्हीआयए या तपासण्या पेशींच्या रूपात झालेला बदल शोधतात. तो बदल सूक्ष्म असेल किंवा नमुन्यात नसेल, तर नजरेतून सुटतो. एचपीव्ही तपासणी बदलामागचे कारण, म्हणजे विषाणूच, शोधते. तो आढळला म्हणजे कर्करोग झाला असे नाही. पुढची तपासणी हवी, एवढाच त्याचा अर्थ.

जालन्यातील वाचकांसाठी

सरकारी कार्यक्रमाच्या २०१६च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी व्हीआयए तपासणी करून घ्यावी. ती स्वस्त असते, निकाल लगेच कळतो, आणि डाग दिसले तर कर्करोग होण्याआधीच उपचार करता येतात. एचपीव्ही तपासणी उपलब्ध असेल तर ती अधिक भरवशाची. छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय कर्करोग रुग्णालय जालना शहरापासून सुमारे ६० किलोमीटरवर आहे.

संबंधानंतर किंवा पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव होणे, अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे ही लक्षणे असतील, तर तपासणीची पाळी येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

संसर्गच होऊ नये यासाठी लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्व्हावॅक’ला २०२२ मध्ये मान्यता मिळाली. ती १६ व १८ या प्रकारांपासूनही संरक्षण देते. ९ ते १४ वर्षे हे वय तिच्यासाठी सर्वांत योग्य मानले जाते. लस आधीच झालेला संसर्ग बरा करत नाही, म्हणून लस घेतलेल्या स्त्रियांनीही पुढे तपासणी करून घ्यायची असते.